मंगळवार, सहा चाळीस

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

निवृत्त होऊन सहा वर्षे झाली. आज पहिल्यांदाच कुणी माझ्या अक्षरासाठी मला बोलावले. म्हणून ही नवी वही उघडली आहे.

काम असे आहे. माझी जुनी विद्यार्थिनी अक्षता एका मराठी चित्रपटाच्या कला विभागात आहे. कथा १९७३ सालच्या कोल्हापुरातली. एक लहान मूल नाहीसे होते; त्याची आई तिसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जाते; तोवर उशीर झालेला असतो, आणि एक लाचखाऊ फौजदार उरलासुरला तपासही बुडवतो. कळंब्याच्या वाटेवरच्या एका बंद गोदामात ठाण्याचा देखावा उभा केला आहे. तिथल्या टेबलावरची मोठी वही, म्हणजे ठाणे दैनंदिनी, मी लिहायची. पडद्यावर तिचे एक पान अगदी जवळून दिसणार आहे.

"प्रिंट काढून चिकटवलं असतं बाई," अक्षता म्हणाली, "पण डायरेक्टर म्हणतोय, खोटं दिसतंय. मग मी म्हटलो, माझ्या बाई हायत की! त्यांनी फळ्यावर लिहिलेलं पुसायचं धाडस न्हाय व्हायचं कुणाचं."

हे अक्षर माझे नव्हे, बाबांचे आहे. हवालदार आकाराम कांबळे, ठाण्याची दैनंदिनी लिहिणारे रायटर. आजोबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली, आणि त्याच वर्षी बाबा शाळेतून पहिले आले. आमच्या घराण्यातला तो पहिला लिहिता हात. मुरगूडहून माणसे एसटीने येत, केवळ बाबांच्या हातून अर्ज लिहून घ्यायला. "आकारामच्या अर्जाला साहेब उभा राहून वाचतो," असे म्हणत. त्या हाताचा वळणदार 'र' आणि पोट भरलेला 'ह' आज फक्त माझ्या बोटांत उरला आहे. तो पडद्यावर जाणार, या विचाराने दिवसभर हात शिवशिवत आहे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज गोदामात सर्वांना ठाणे दैनंदिनी समजावून सांगितली. दिवे लावणारी मुलेही काम सोडून ऐकत होती. शिकवण्याची हौस गेलेली नाही, हे मला कबूल केले पाहिजे.

ठाण्यात जे घडते ते त्याच क्रमाने, वेळ घालून, एकाखाली एक लिहायचे. दोन नोंदींमध्ये कोरी ओळ सोडायची नाही. सोडली तर उद्या तिच्यात कुणीही काहीही घुसवू शकतो. पानांवर क्रमांक छापलेले असतात, त्यामुळे पान फाडता येत नाही. म्हणूनच मी अक्षताला बजावले की आपल्या वहीवरही क्रमांक छापून आण, आणि मी ती पहिल्या पानापासून लिहीन. मधलेच एक पान लिहिले तर वही उघडताना शाईचा उठाव तिथल्या तिथे दिसतो.

दिग्दर्शक विश्वजित म्हणाला, "मॅडम, तुम्ही शिकवायला असता तर मी दहावीला नापास झालो नसतो."

"मी असते तर दोनदा झाला असतास," मी म्हणाले. सगळे हसले.

घरी आल्यावर बाबांची आठवण दाटून आली. मी सहावीत होते तेव्हा दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच्या एका शनिवारी ते ठाण्यातून दोन मोठ्या वह्या घेऊन आले, एक लिहिलेली आणि एक कोरी. जुनी वही भिजली, तिची नक्कल करायची आहे, असे म्हणाले. त्यांच्या उजव्या मनगटाला लचक भरली होती, पट्टी बांधलेली होती. "ललिते, तुझं अक्षर आता माझ्यासारखंच पडतंय. तू लिही, मी सांगतो." शनिवार दुपार आणि अख्खा रविवार मी लिहीत होते. बोटे आखडली तेव्हा बाबांनी आपल्या हाताने भाकरी रश्श्यात कुस्करून मला घास भरवले. एवढ्या मोठ्या सरकारी वहीत माझे अक्षर! पुढच्या आठवड्यात त्यांनी मला सोनेरी टोपणाचे काळे शाईपेन आणून दिले. ही ओळही त्याच पेनाने लिहीत आहे.

त्यानंतर बाबांनी स्वतः लिहिणे सोडले. अर्ज करून ते गणवेशाच्या कोठारावर गेले. घरातली पत्रे, रेशनचा अर्ज, माझ्या लग्नाच्या पत्रिकेवरचे पत्तेसुद्धा मीच लिहिले. "आता तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं," म्हणायचे. मुलीला इतकी मोठी पावती देणारा बाप विरळाच.

शनिवार, ८ नोव्हेंबर

चित्रपटाचे कपडे जयसिंगपूरचा नईम शिवतो. तिशीतला आहे, बोलका आहे. काज-बटणासाठी तो आपल्या नानीला सोबत आणतो. हुसेनबी. वय सत्त्याहत्तर, डोळ्याला चष्मा नाही, आणि सुईत दोरा पहिल्या झटक्यात जातो. आज मी शेजारी लिहीत बसले होते तेव्हा त्यांनी हाक मारली.

"मास्तरीणबाई, ह्या पिच्चरमधली आई तिसऱ्या दिशी का जातीया वो ठाण्यात?"

"कथेतच तसं आहे."

"कुणाची कथा?"

"दिग्दर्शकांनी आजोबांकडून ऐकलेली. कोल्हापुरात अशी एक बाई खरंच होऊन गेली म्हणतात."

"म्हंत्यात व्हय." त्यांनी दातांनी दोरा तोडला. "आन् पोर हरवल्यावर तीन दीस काय करत हुती ती? भाकऱ्या थापत?"

प्रश्न रास्त होता, म्हणून मी सविस्तर उत्तर दिले. त्या काळी बायका ठाण्याची पायरी चढायला घाबरत. घरातला पुरुष म्हणेल तेव्हाच जात. मूल नातेवाइकांकडे गेले असेल या आशेवर दिवस जात. शेवटी बाबांचे वाक्य सांगितले: माणसे विसरतात, दप्तर विसरत नाही. दप्तरात तिसरा दिवस असेल तर तिसरा दिवसच.

"आन् दप्तर खोटं असलं तर?"

"दप्तराला खोटं बोलायचं काय कारण?"

"दप्तराला न्हाय वो. लिवणाऱ्याला."

नईम मशीनवरून ओरडला, "नानी, काम कर की. टीचरचं डोकं नको खाऊस."

म्हातारी माणसे जुन्या गोष्टी फार मनाला लावून घेतात. कुतूहल मात्र कौतुकास्पद आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज माझ्या हातून एक छान गोष्ट घडली. हरवलेल्या मुलाचे वर्णन संहितेत नव्हते, तिथे नुसते 'वर्णन' असे लिहिलेले. मी पेन टेकवले आणि न थांबता लिहीत गेले: "वर्ण सावळा, अंगात पिवळा सदरा, सदऱ्यास तीन बटणे, पैकी मधले काळे व दोन पांढरी, डाव्या पायात तांब्याचा वाळा."

विश्वजितने दोनदा वाचले. "मधलं बटण काळं! मॅडम, हे सुचलं कसं? ह्या एका बटणावर सीन उभा राहतोय." मी सांगितले, तपशील जितका क्षुल्लक तितका तो खरा वाटतो. पांढरे बटण संपले म्हणून आईने काळे लावले असणार, हे प्रेक्षकाला न सांगता कळते. माझ्यात इतकी कल्पकता असेल असे मलाच वाटले नव्हते. तसाच सदरा शिवून घ्यायचे ठरले.

ते पान मात्र कच्च्या कागदावर आहे. पक्क्या वहीत मी त्या पानापर्यंत अजून पोचायची आहे. त्या पानाचे चित्रीकरण सर्वांत शेवटी, सत्तावीस तारखेला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

काल आईचा प्रसंग चित्रित झाला: तिसरा दिवस, शुक्रवार, पदर डोक्यावरून घेतलेली नटी ठाण्याच्या दारात थबकते. उत्तम झाला. हुसेनबी काल आल्या नाहीत.

आज जेवणाच्या सुट्टीत विश्वजितने विचारले, "मॅडम, समजा फौजदाराला वहीतली नोंद बदलायची असली, तर करता येईल का?"

मी त्याला नीट समजावले. एक ओळ खोडता येत नाही, खाडाखोड दिसते. पान फाडता येत नाही, क्रमांक तुटतो. एकच मार्ग उरतो: छापील क्रमांकांची दुसरी कोरी वही घ्यायची आणि पहिल्या पानापासून सगळी पुन्हा लिहायची, नको ती नोंद वगळून किंवा पुढच्या दिवशी सरकवून. त्यासाठी सलग दोन दिवस हवेत. आणि हात तोच हवा, अक्षर बदलले तर पकडले जाते. निमित्तही लागते, जुनी वही भिजली, असे सांगतात.

अक्षता म्हणाली, "बाई, हे तुम्हाला एवढं कसं म्हाईत?"

"बाबांकडून ऐकलं असेल," मी म्हणाले.

बाबा ठाण्यातले काहीही घरी बोलत नसत.

चहा पुढे तसाच राहिला. डोके जड आहे म्हणून लवकर घरी आले.

शनिवार, १५ नोव्हेंबर

चार पाने लिहिली. दोन ठिकाणी चुकले. मी चुकत नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

जसे घडले तसेच लिहिते. क्रम बदलणार नाही.

सकाळी अकराच्या सुमारास हुसेनबी माझ्या टेबलापाशी आल्या. हातात लहान मुलाचा पिवळा सदरा होता, बटणे न लावलेला. दुसऱ्या मुठीत तीन बटणे. मूठ त्यांनी माझ्या वहीवर उघडली. दोन पांढरी, एक काळे.

"नईमनं वाचून दाखवलं. मधलं काळं लावायचं म्हणून. हे तुला कुणी सांगितलं?"

पहिल्यांदाच त्या मला 'तू' म्हणत होत्या.

"कुणी नाही. मीच कल्पनेने..."

"कल्पना." त्या माझ्यासमोर, साहेबाच्या खुर्चीत बसल्या. "माझा चमन. पाच वर्साचा. पिवळा सदरा मीच शिवलता, बटण कमी पडलं म्हणून मधलं काळं लावलं. तांब्याचा वाळा डाव्या पायात. उजव्या पायातला त्यानंच कुठं पाडलता. हे मी जगात एका माणसाला सांगितलं. ठाण्यातल्या हवालदाराला. कडंवर नईमची आई हुती, तीन म्हयन्याची. मंगळवारी दिवेलागणीला गेलतो मी. दुपारी पोर गेलं, सांजेला मी ठाण्यात. त्याच दिशी!"

नईम मशीन थांबवून उभा राहिला होता. पुढचे त्यानेच सांगितले. आठ दिवसांनी त्यांचा नवरा चौकशीला गेला. फौजदाराने वही उघडून दाखवली: तुझी बायको शुक्रवारी आली होती, तीन दिवस कुठे होती ते तिला विचार. त्याने विचारले. मग गल्लीने विचारले. पोर विकले, कुणाला देऊन टाकले, जे ज्याला सुचले ते तो बोलला. नवऱ्याने सोडले. त्या मुलगी घेऊन जयसिंगपूरला भावाकडे आल्या. मूल सापडले नाही. तिसऱ्या दिवसाची आई हे नाव मात्र पाठोपाठ आले.

"सोमवारी परत बोलवून अंगठा घेतला माझा," हुसेनबी म्हणाल्या. "म्हणाले, पयला पुसट आलाय. मला वाचता येतंय व्हय? दिला."

त्या सदरा आणि बटणे घेऊन निघून गेल्या. नईमने जाताना माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

बुधवार, १९ नोव्हेंबर

सकाळी माळ्यावरची ट्रंक उतरवली. माझ्या पहिलीपासूनच्या सगळ्या वह्या इयत्तावार बांधलेल्या आहेत. त्याचा मला नेहमी अभिमान वाटत आला. सहावीचे गाठोडे सोडले. सुलेखनाची वही.

त्या रविवारी दुपारी बाबा जरा आडवे झाले होते. जुन्या वहीतल्या एका नोंदीवर त्यांनी माझी फूटपट्टी आडवी ठेवली होती, म्हणजे ही लिहायची नाही. मी पट्टी उचलली. त्या नोंदीतले अक्षर इतके देखणे होते की माझ्या कित्त्याच्या वहीत मी ती उतरवून घेतली. सोमवारी बाईंना दाखवायला एक पान हवेच होते. बाबांना हे ठाऊक नव्हते.

पान जसेच्या तसे आहे.

"मंगळवार, दिनांक १६ ऑक्टोबर १९७३. सायंकाळी ६ वाजून ४० मिनिटे. हुसेनबी नावाची बाई, कडेवर तान्ही मुलगी, समक्ष हजर राहून सांगते की, तिचा मुलगा नामे चमन, वय वर्षे पाच, आज दुपारी दोनपासून घरी आलेला नाही. वर्ण सावळा, अंगात पिवळा सदरा, सदऱ्यास तीन बटणे, पैकी मधले काळे व दोन पांढरी, डाव्या पायात तांब्याचा वाळा. बाईस पाणी दिले. शोध सुरू."

खाली लाल शाईत शाळेतल्या बाईंची सही, तारीख २२ ऑक्टोबर, आणि एक शब्द: सुंदर.

गुरुवार, २० नोव्हेंबर

काही लिहवत नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

विद्यार्थ्यांना मी सांगत असे, की भावना अनावर झाली की आधी ज्ञात गोष्टी लिहून काढाव्यात. तर लिहिते.

जुनी वही भिजलेली नव्हती. मी तिची पाने उलटली होती. ती कोरडी होती.

हाताला लचक नव्हती. लचकलेल्या मनगटाने भाकरी कुस्करता येत नाही. हा घास मी बावन्न वर्षे मायेचा म्हणून जपला. ज्या हाताने ते मला भरवत होते, त्याच हाताने त्यांना ते लिहायचे नव्हते. म्हणून मला लिहायला लावले.

कुणी दिले असेल काही? आमच्या घरात त्या वर्षी पेनाखेरीज नवीन काही आले नाही. आईने एकदा, बाबा गेल्यानंतर, सांगितले होते: फौजदार त्यांना म्हणाला होता, "आकाराम, तुझ्या जातीतलं दुसरं कोण रायटर झालंय? खुर्ची दिली ती काढताही येते." ही गोष्ट मी आजवर बाबांच्या अपमानाची म्हणून सांगत आले. कशासाठी म्हणाला होता, हे मी आईला कधी विचारले नाही.

आणखी एक नोंद आहे. ती कित्त्यात नाही, पण मला आठवते. आठवत नाही असे लिहिण्याचा मोह आज सकाळपासून तीन वेळा झाला. बुधवार, सतरा ऑक्टोबर. बाबांनी सांगितले, मी लिहिले: "तळ्याच्या काठी अनोळखी मुलाचे प्रेत मिळून आले. मोटारीची धडक बसल्यासारख्या जखमा. वय अंदाजे..." इथे ते थांबले. खिडकीतून बाहेर पाहत राहिले. जुन्या वहीवर त्यांचे बोट होते आणि बोटाखाली पाच हा आकडा मला दिसत होता. मी म्हणाले, "बाबा, पाच." ते म्हणाले, "दहा लिही." मी दहा लिहिले. "अंगावर ओळख पटण्यासारखी खूण नाही. बेवारस म्हणून विल्हेवाट." जुन्या वहीत मधे आणखी एक ओळ होती, तिच्यावर मग त्यांचे बोट सरकले; ती मला दिसली नाही. आईची तक्रार मग शुक्रवारखाली आली, सापडलेले प्रेत आणि शोधणारी आई एकमेकांना भेटू नयेत म्हणून. कुणाची मोटार, ते वहीत नव्हते. फौजदाराला ठाऊक असणार.

मी बारा वर्षांची होते, हे खरे आहे. आकडा चुकीचा आहे हे मला कळले होते, हेही खरे आहे.

रविवार, २३ नोव्हेंबर

विश्वजितला सांगितले. तो वाईट मुलगा नाही. सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "मॅडम, हे बाहेर आलं तर पिच्चरला... न्हाय, माफ करा. पण तिसऱ्या दिवसाचा सीन झालाय. नटी परत गेली. सेट गुरुवारीच मोडतोय. आता आईला मंगळवारी कशी पाठवू? नुसतं वहीचं पान उरलंय."

"म्हणजे पडद्यावरही ती तिसऱ्याच दिवशी जाणार."

"हा पिच्चर हाय मॅडम, कागद न्हवं."

मी म्हणाले, "लोकांना दोन्हींतला फरक कळतो, असा माझा समज होता."

हुसेनबींना कित्ता दाखवायचा, हे नक्की आहे. बुधवारच्या नोंदीविषयी काय करावे, ते ठरत नाही. बावन्न वर्षे त्या मुलाची वाट पाहत असतील, तर ती वाट माझ्या हाताने का बंद करू? पण न सांगणे म्हणजे पुन्हा फूटपट्टी ठेवणेच.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

दुपारच्या गाडीने जयसिंगपूरला गेले. नईमचे दुकान पुढे, घर मागे. हुसेनबी उंबऱ्यावर बसल्या होत्या. मी कित्ता उघडून वाचला. "बाईस पाणी दिले" इथे आल्यावर त्यांनी हात वर केला.

"दिलतं. पितळी तांब्यातनं. बाकीचे हसत हुते, त्यो एकटाच उठला. हवालदार चांगला हुता."

"ते माझे वडील," मी म्हणाले. "आणि नंतर ही नोंद वगळून दुसरी वही लिहिली, ती मी. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. वहीवरच्या अक्षरांवर अंगठा टेकवून म्हणाल्या, "वार कुठं लिवलाय? हितं? परत वाच."

मी वाचले. मंगळवार, सायंकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे.

"नईम, मशीन बंद कर. आन् बायडाबाईला बोलीव."

बायडाबाई म्हणजे शेजारची म्हातारी. चाळीस वर्षांपासूनची शेजारीण. पदराला हात पुसत आली. "काय गं हुसेने, कोण मेलं?"

"बस. नळावर भांडताना तू मला काय म्हंतीस?"

"भांडणातलं काय काढतीस आता?"

"काय म्हंतीस?"

"तिसऱ्या दिवसाची..." बायडाबाईने मान फिरवली. "समदेच म्हंत्यात की."

"मास्तरीणबाई, वाचा. मोठ्यानं."

मी तिसऱ्यांदा वाचले, वर्गात वाचते तसे, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असे. बायडाबाई हुसेनबींच्या शेजारी उंबऱ्यावर टेकली. हुसेनबींनी तिला जागा दिली नाही. ती अर्धीच बसली.

मग हुसेनबींनी विचारले, "आन् म्होरल्या पानावर काय हाय?"

"या वहीत पुढचं पान नाही."

"तू लिवलंस त्या वहीत?"

मी सांगितले. बुधवार. तळ्याचा काठ. मोटार. पाचचे दहा. बोटाखालची ओळ. मी एकही शब्द गाळला नाही. नईम दाराला टेकून खाली बसला.

"कुठं पुरलं?"

"ते लिहिलेलं नव्हतं."

"वाळा हुता पायात?"

"मला माहीत नाही. ती ओळ मी पाहिली नाही."

त्यांचे हात मांडीवर काहीतरी शिवल्यासारखे हलत राहिले, सुई नसताना. "म्हंजे त्या शुक्रवारी मी गल्लीगल्लीत हाका मारत हुतो, तवा त्यो दोन दीस मातीत हुता."

मी म्हणाले, "हुसेनबी, मला माफी..."

"मागू नगंस. मी काय करू तुज्या माफीचं? किती वर्साची हुतीस?"

"बारा."

"मग तुज्या बापाचं तू बघ." त्या आत गेल्या आणि पिवळा सदरा घेऊन आल्या. तिन्ही बटणे लावलेली होती. मधले काळे. "त्या पिच्चरमधल्या पोराला घाल. काज घट्ट हायत, सुटायचं न्हाय. पण त्याच्या आईला त्याच दिशी पाठीव."

निघताना नईम स्टँडपर्यंत आला. "टीचर, एक विचारू? एवढ्या वर्सांनी सांगितलं नसतंत तरी चाललं असतं ना?" मी हो म्हणाले. गाडी आली.

बुधवार, २६ नोव्हेंबर

सकाळी वकिलांकडे जाऊन प्रतिज्ञापत्र केले: काय लिहिले, कुणी सांगितले, कित्ता कुठे आहे. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की एका मुलीच्या शाळेच्या वहीने आता कुणावर गुन्हा सिद्ध होणार नाही; फौजदारही हयात नाही. मी म्हणाले, मला फक्त वार दुरुस्त करायचा आहे. खाली बाबांचे नाव लिहिताना हात थांबला. मग लिहिले, पूर्ण, पदासह.

दुपारी पक्की वही पूर्ण केली. सत्तर पाने, पहिल्यापासून, क्रमाने, एकही कोरी ओळ न सोडता. उद्या सकाळी नऊला त्या पानाचे चित्रीकरण आहे. संहितेप्रमाणे तिथे शुक्रवार हवा. मी लिहिले आहे: मंगळवार, सायंकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. बाईस पाणी दिले, हेही ठेवले आहे. त्याखाली बुधवार, आणि वय वर्षे पाच.

अक्षताने वाचले. घाबरली. "बाई, डायरेक्टर पान बदलायला सांगेल."

तिला मी पहिल्याच आठवड्यात शिकवले आहे. क्रमांक छापलेले आहेत, पान फाडता येत नाही. बदलायचेच तर दुसरी वही घेऊन सगळी पुन्हा लिहावी लागेल, दोन दिवस लागतील, आणि हात तोच हवा.

तो हात माझा आहे. मी पुन्हा लिहिणार नाही.